दारामागच्या खिळ्याचा पट्टा
(वस्तीतल्या युवक अभ्यासवर्गात केलेलं भाषण)

दोस्तांनो, बहिणींनो, आणि मागं दारात उभ्या राहिलेल्या आयांनो, आत या, जागा आहे.

मला निरोप होता की कविता वाच. आज कविता नाही. आज आपल्या दहा बाय बाराच्या खोलीबद्दल बोलायचंय. पोलिसाची लाठी, गावच्या पाटलाची काठी, मुकादमाची शिवी, यावर आपण इथं घसा फोडून बोललो आणि पुढंही बोलणार. पण एक हत्यार आपल्याच दारामागच्या खिळ्याला लटकतंय. बाप सकाळी ते कमरेला बांधून कामाला जातो. रात्री तेच सोडून पोराच्या पाठीवर चालवतो. त्याच्यावर आपल्या अंकात आजवर एक ओळ छापून आलेली नाही. सगळ्या जगाचं रक्त आम्हाला दिसतं, शेजारच्या पत्र्याआड काय चाललंय ते ऐकू येऊनही ऐकू येत नाही.

कुणी म्हणेल, घरातलं चव्हाट्यावर कशाला आणतोस? बाहेरचे टपूनच बसलेत, 'बघा, हे लोक असेच' म्हणायला. म्हणू द्या त्यांना. २००७ साली केंद्र सरकारच्या महिला आणि बालविकास मंत्रालयानं १३ राज्यांत फिरून १२,४४७ मुलांना विचारलं आणि अहवाल काढला. तिघांमागं दोघांना मार बसतो, असं निघालं. घरात ज्यांना मार बसला त्यातल्या ८८.६ टक्के पोरांना मारणारे खुद्द आईबाप. आता तिघातली दोन पोरं काय फक्त झोपडपट्टीत राहतात? त्यांच्या फ्लॅटची भिंत नऊ इंचाची, आपली पत्र्याची. त्यांच्या घरातला मार भिंत गिळते, आपला सगळी गल्ली ऐकते. त्यांच्याकडं त्याला शिस्त म्हणतात, आपल्याकडं आला की ती संस्कृतीची कमतरता होते. हे ढोंग आपण ओळखतो. पण ते ढोंगी आहेत म्हणून आपल्या पोराच्या पाठीवरचा वळ काही बुजत नाही.

आणि आपल्या बायांनी हे कधी लपवलंय? बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं' १९८६ साली पुस्तक म्हणून निघालं. गावानं आमच्यावर काय केलं ते त्यात आहे, तसं आमच्या घरात आमच्या सुनांवर काय झालं तेही आहे. पहिला भाग आम्ही स्टेजवरून वाचतो. दुसऱ्या भागाला पान उलटतो.

मी गोदीत काम करतो, कंत्राटी. पोलादाच्या कॉइल उतरवायच्या, गोण्या उतरवायच्या, जे येईल ते. दुपारच्या सुट्टीत डबा उघडला की गँगमधली माणसं बोलतात. भाव, मॅच, युनियन, आणि मग पोरं. 'काल फोडला साल्याला. मोबाइल घेऊन बसतो रात्रभर.' 'माझी नववीत हाये, बघतो ना मी कुणाशी बोलती ती, तंगडंच तोडतो.' हसतात. ही माणसं वाईट नाहीत हो. यातलाच एकजण हॅचमध्ये दुसऱ्याचा पाय अडकला तर स्वतःचा जीव घालून काढेल. पण बारा तास वरून शिव्या खाल्ल्यात. फोरमनला उलटून बोलला तर उद्या पास मिळणार नाही. मग ती शिवी पोटात घेऊन तो लोकल पकडतो, वाटेत एक क्वार्टर मारतो आणि घरी येऊन ती शिवी चौदा वर्षांच्या पोरावर ओकतो. पोरगं ती लहान भावावर ओकतं. शिवी अशी वरून खाली उतरत जाते, जहाजातून माल उतरावा तशी.

माझ्याही घरी हेच. माझ्या बापाचा हात जड होता. आईचा हलका होता पण लाटणं हातात असायचं. मी पंधरा वर्षांचा असताना तीन रात्री स्टेशनात काढल्या. मॅट्रिक झालो तो बापाच्या मारानं झालो असं आजही नातेवाईक सांगतात. खोटं आहे. रात्रशाळेतल्या एका मास्तरानं बसवून शिकवलं म्हणून झालो. बहिणीला कुणी बसवून शिकवलं नाही. तिला एका पोराबरोबर नाक्यावर बघितलं, त्या रात्री तिचा मार झाला आणि दुसऱ्या दिवसापासून शाळा बंद. 'मार खाऊन मी घडलो' असं सांगणारे पुरुष पुष्कळ भेटतात. मार खाऊन जे मोडले ते सांगायला सभेत येत नाहीत.

लहान पोराला दूध सांडलं म्हणून चापट बसते. बारा ते अठराचं पोरगं वेगळ्या कारणांनी मार खातं. ते उलट बोलायला लागतं. त्याला मोबाइल पाहिजे, पैसे पाहिजेत, पोरीला मित्र असतो. बापाला वाटतं माझी सत्ता गेली. आणि या वयात पोराजवळ एक गोष्ट असते जी सहा वर्षांच्याजवळ नसते. पाय. ते निघून जातं. कुणी प्लॅटफॉर्मवर जातं, कुणी व्हाइटनर हुंगणाऱ्यांच्या टोळीत जातं, पोरगी पहिला जो गोड बोलेल त्याच्याबरोबर जाते. मग आपण म्हणतो पोरं वाया गेली.

आता मी तुम्हाला लांब नेतो. १९७२ साली मुंबईतल्या पोरांनी पँथर हे नाव अमेरिकेतल्या काळ्या पोरांकडून घेतलं, ते आपल्याला पाठ आहे. आज दक्षिण आफ्रिकेत चला. ईस्टर्न केप नावाचा प्रांत. तिथं किंग विल्यम्स टाउन नावाचं गाव होतं; २०२१ साली तिथल्या सरकारनं ते इंग्रज राजाचं नाव पुसून खोसा भाषेतलं नाव दिलं. स्टीव्ह बिको याच गावच्या जिन्सबर्ग वस्तीत वाढला. काळ्या माणसानं आधी स्वतःच्या मनातला गुलाम काढला पाहिजे असं सांगणारा बिको. १९७३ साली सरकारनं त्याला याच गावात स्थानबद्ध केलं, तर त्यानं आणि त्याच्या साथीदारांनी तिथं १९७५ साली झानेम्पिलो नावाचा दवाखाना उभा केला, काळ्यांनी चालवलेला, काळ्यांसाठी. १९७७ च्या सप्टेंबरात पोलिसांनी मारझोड करून त्याला मारला. तो तीस वर्षांचा होता.

हे सांगतोय ते उगाच नाही. त्या मुलखात मार कुठून आला ते बघा. १९१३ च्या कायद्यानं काळ्यांची जमीन काढून घेतली. पुरुष जोहान्सबर्गच्या खाणीत, वर्षाचे अकरा-अकरा महिने. घरी बाया, म्हाताऱ्या आणि पोरं. गोऱ्या सरकारची कोर्टं काळ्या पोरांना फटक्यांची शिक्षा सुनवायची, वेतानं, रीतसर, कागदावर लिहून. शाळेत वेत, पोलीस चौकीत वेत. ती शिक्षा तिथल्या घटना न्यायालयानं १९९५ साली रद्द केली. शाळेतला वेत १९९६ च्या कायद्यानं गेला. घरात 'वाजवी शिक्षा' म्हणून आईबापाला जी सूट होती ती याच न्यायालयानं २०१९ च्या सप्टेंबरात घटनाबाह्य ठरवली. तेवीस-चोवीस वर्षं लागली कायद्याला कोर्टातून घरात पोचायला. आपल्याकडं २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमानं शाळेतला मार बंद केला, निदान कागदावर. घरात पोराला मारायला सरळ बंदी घालणारा कायदा आपल्याकडं अजून नाही. फार झालं तर बाल न्याय कायद्याचं ७५ वं कलम, तेही क्रूरता सिद्ध झाली तर.

पण कायदा झाला म्हणून बापाचा हात थांबतो का? हाताला दुसरं काही करायला शिकवावं लागतं. तर त्याच बिकोच्या मुलखात २०१५–१६ साली एक प्रयोग झाला. त्याचं नाव 'सिनोवुयो टीन'. सिनोवुयो म्हणजे खोसा भाषेत, आमच्याकडं आनंद आहे. ज्या घरात म्हातारी पेन्शनवर चार नातवंडं सांभाळते, एड्सनं मधली पिढी कापून नेलीय, त्या घरासाठी हे नाव! ऑक्सफर्ड, केपटाउन वगैरे विद्यापीठांची माणसं यात होती, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ होती. विद्यापीठ म्हटलं की आपल्या कपाळाला आठी पडते, माझ्याही पडली. पण पुढं ऐका.

चाळीस ठिकाणं निवडली. बहुतेक खेडी, काही शहराच्या कडेच्या वस्त्या. पोराशी घरात भांडण आहे असं स्वतः सांगणारी ५५२ कुटुंबं, पोरांचं वय दहा ते अठरा. निम्म्या ठिकाणी चौदा बैठकांचा कार्यक्रम दिला, निम्म्या ठिकाणी फक्त हात धुण्याची आणि स्वच्छतेची माहिती, म्हणजे तुलना करता येते. बैठका घ्यायला बाहेरून डॉक्टर-प्राध्यापक आले नाहीत. गावातलीच माणसं शिकवून तयार केली. बहुतेक बैठका आई आणि पोर एकत्र, काही वेगवेगळ्या. जो आला नाही त्याच्या घरी जाऊन सांगायचं. आणि हे सगळं फुकट. पाश्चात्त्य देशांत असले कार्यक्रम कंपनीसारखे विकले जातात, परवान्याचे पैसे भरावे लागतात. हा कुणीही घ्यावा असा ठेवला. पुढं टांझानियात तो 'फुराहा' नावानं गेला. फुराहा म्हणजेही आनंदच.

त्या बैठकांत काय करतात? पहिल्यांदा काहीच शिकवत नाहीत, नुसतं पोराबरोबर थोडा वेळ बसा म्हणतात, त्याला आवडेल ते करा. मग एकमेकांचं काय चांगलं ते तोंडानं बोला. हसू नका. तुमच्या बापानं तुम्हाला शेवटचं कधी 'चांगलं केलंस' म्हटलंय ते आठवा, मग हसा. मग राग. राग आला की अंगात कुठं कळतं, तेव्हा थांबायचं कसं, बाहेर पडायचं कसं. नाटक करून दाखवतात: आई पोर होते, पोर आई होतं. घरातले नियम दोघांनी मिळून ठरवायचे आणि मोडले तर काय, तेही आधीच ठरवायचं, म्हणजे रात्री दहाला दारूच्या वासात ते ठरणार नाही. वस्तीत धोका कुठं आहे, कुठल्या वेळेला कुठल्या गल्लीनं जायचं नाही, संकटात कुणाकडं जायचं.

आणि एक गोष्ट मला सगळ्यात पटली. पैसे. आई आणि पोर मिळून घराचा हिशेब मांडतात. किती आले, किती गेले, सावकाराला किती, बचत कुठनं काढायची. आपल्याकडं पोराला घरातला पैसा कधी दाखवतात? पोरगं बूट मागतं, बाप कानफटात देतो. बापाला लाज वाटलेली असते की खिशात नाही, पोराला वाटतं बाप कंजूष आहे. हिशेबाचा एक कागद मध्ये असता तर ती कानफटात वाचली असती. तिथं १९९८ पासून गरीब मुलाच्या नावानं सरकार दरमहा रोख अनुदान देतं, हेही लक्षात ठेवा. ज्या घरात दमडी येत नाही तिथं नुसतं 'गोड बोला' सांगणं म्हणजे भुकेल्याला टाळ देणं.

निकाल २०१८ साली छापून आला, ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या जागतिक आरोग्याच्या अंकात. कार्यक्रमानंतर पाच ते नऊ महिन्यांनी विचारलं, तेव्हा ज्या ठिकाणी बैठका झाल्या तिथल्या आयांनी, आज्यांनी सांगितलेला छळ आणि मार दुसऱ्या ठिकाणांपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी कमी होता. त्यांचं स्वतःचं दारूपाणी कमी झालं, मनावरचा ताण कमी झाला, शेजारापाजाराचा आधार वाढला. पोरांचीही नशा कमी झाली, हे पोरांनीच सांगितलं. घराची पैशाची घडी सुधारली, धोका टाळायची तयारी वाढली, हे दोघांनीही सांगितलं.

इथं टाळ्या वाजवून थांबता येईल. बरेच लोक थांबतातही. पण त्याच कागदात पुढं लिहिलंय की पोरांना जेव्हा मार आणि छळाबद्दल विचारलं, तेव्हा त्यांच्या उत्तरांत काही फरक सापडला नाही. मोठी माणसं म्हणतात मार जवळपास निम्मा झाला. पोरं म्हणतात, आहे तसाच आहे. हयगय, दुर्लक्ष, तेही कमी झाल्याचं दिसलं नाही.

यावर मी तीन रात्री विचार केला, पाळीवर क्रेनखाली उभं राहून. (क्रेनखाली उभं राहायचं नसतं, माहीत आहे.) काय अर्थ लावायचा? एक असा की चौदा आठवडे बसून म्हातारीला कळलं काय उत्तर दिलं की ताई खूश होतात. दुसरा असा की पोरांना पहिल्यांदा कळलं की याला छळ म्हणतात. आधी जे नुसतं 'बाप रागावला' होतं त्याला आता नाव मिळालं, म्हणून मार कमी होऊनही आकडा तेवढाच राहिला. तिसरा असा की मारणाऱ्याला आपला प्रत्येक फटका आठवत नाही आणि खाणाऱ्याला आठवतो. मला तिसऱ्यात दम वाटतो. गावात जाऊन सवर्णाला विचारा, 'तुमच्याकडं जातिभेद आहे का?' तो म्हणेल, 'पूर्वी होता, आता निम्म्यावर आला.' मग तोच प्रश्न वेशीबाहेर विचारा. आपण कुणाची साक्ष खरी मानतो? मग घरात आलो की साक्षीचा नियम कसा बदलतो? माझं मत सरळ आहे. माराचा हिशेब मार खाणाऱ्याच्या तोंडून घ्यायचा.

म्हणून तो कार्यक्रम फुकट गेला असं मी म्हणणार नाही. नशा कमी झाली, ती पोरांच्याच तोंडची गोष्ट. ज्या घरात पैशाचा हिशेब लागतो आणि आईला रडायला चार बाया मिळतात, ते घर कालच्यापेक्षा बरं आहे. पण तो मंतरलेला ताईत नाही, आणि कुणी तुमच्याकडं तसा विकायला आला तर त्याला पोरांचा आकडा विचारा.

आपल्यातले दोन-तीन कडवे साथी आता हात वर करतील, दिसताहेत मला. म्हणतील, ही एनजीओगिरी आहे. हिंसा व्यवस्थेतून येते, व्यवस्था उलथा, बाप आपोआप सुधारेल. कॉम्रेड, व्यवस्था उलथेपर्यंत तुमची बहीण सतरा वर्षांची होईल, मग सत्तावीस. तोवर तिनं काय करायचं? आणि ज्या पोराला घरात बारा वर्षं शिकवलं की ज्याच्या हातात पट्टा तो बरोबर, ते पोरगं उद्या तुमच्या मोर्चात येऊन बरोबरीची भाषा कुठून बोलणार? ते पट्टा शोधेल. सापडला तर आपल्याच साथीदारावर चालवेल. चळवळीत अशी माणसं आपण बघितलीत, नावं घेत नाही.

बाबासाहेबांनी १९४२ च्या जुलैत नागपूरला दलित महिलांच्या परिषदेत राजकारणाइतकंच घराबद्दल सांगितलं. मुलांना शिकवा, त्यांच्या लग्नाची घाई करू नका, बायकोनं नवऱ्याची मैत्रीण आणि बरोबरीची म्हणून उभं राहावं, गुलाम म्हणून नाही. तिथं हजारो बाया होत्या. पुरुषांची तशी सभा अजून कुणी भरवलेली नाही. सिनोवुयोतसुद्धा आलेल्या बहुतेक बायाच, त्यात आज्या पुष्कळ. हा त्या कार्यक्रमाचा मोठा खड्डा आहे आणि आपणही त्यात पडणार, जर आधीच विचार केला नाही तर. बापाला 'पालकवर्ग आहे, या' म्हटलं तर येणार नाही. त्याला वाटेल पोराच्या मास्तरनं बोलावलं. पण 'उचल, कर्ज आणि ठेकेदाराचा हिशेब' म्हटलं तर येईल. त्या हिशेबातून पोराच्या बुटापर्यंत आणता येतं. निदान करून बघता येतं.

तर मी कमिटीपुढं मांडलंय ते असं. चौदा आठवडे, रविवारी संध्याकाळी, समाजमंदिरात. ज्यांची रविवारी पाळी असेल त्यांच्या घरी मंगळवारी दोघांनी जायचं. चालवणारे वस्तीतलेच: दोन अंगणवाडीताई तयार आहेत, कॉलेजच्या दोन पोरी आहेत, बापांच्या गटाला मी आणि माझ्या गँगमधला एकजण. बाहेरच्या कुणाचा बॅनर लावायचा नाही. चहा-वडापावचे पैसे वर्गणीतून, कारण उपाशीपोटी कुणी कुणाचं कौतुक करत नाही.

एका बाबतीत मात्र गुपित ठेवायचं नाही. पोरीनं किंवा पोरानं अंगाशी झालेल्या घाणेरड्या गोष्टीबद्दल तोंड उघडलं, मग तो काका असो, बाप असो, की आपला कार्यकर्ता असो, तर ते गल्लीत मिटवायचं नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. १०९८ हा मुलांसाठीचा फोन फुकट लागतो, तो प्रत्येक पोराला पाठ पाहिजे. 'चळवळीची बदनामी होईल' म्हणून जो आडवा येईल त्याचं नाव मी पुढच्या अंकात छापायला देईन.

पहिल्या रविवारी चारला फक्त पोरांची बैठक, बारा ते अठरा. त्यात मोठं माणूस कुणी बसणार नाही, मीसुद्धा नाही. पोरी घेतील. कोऱ्या चिठ्ठीवर, नाव न घालता, गेल्या महिन्यात घरात किती वेळा मार बसला एवढंच पोरांनी लिहायचं. मोठ्यांनाही तेच विचारायचं, सहाच्या बैठकीत, दुसऱ्या रंगाच्या चिठ्ठीवर. चौदा आठवड्यांनी पुन्हा दोन्ही. दोन्ही आकडे शेजारी-शेजारी या फळ्यावर लागतील.

समाजमंदिराची किल्ली वाचनालयात ठेवलेली आहे. नावं त्या टेबलावर द्या, दारातल्या आयांनी आधी द्या. बापांची यादी वेगळी आहे, ती मी घेऊन बसतो.